हात, काठी आणि साखळी : मावळच्या जमिनीचे माप

लोणावळ्याच्या बाजारात कोणाशीही चार गोष्टी बोलावयास उभे राहिले, की पाऊस झाला, गर्दी झाली, आणि तिसरी गोष्ट जमिनीच्या भावाची निघते. तो भाव गुंठ्याचा असतो. वळवणला गुंठा काय भावाने गेला, कार्ल्याला काय चालला आहे, हे पोराटोरांना सुद्धा ठाऊक असते. परंतु हा गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट, हे सांगणाऱ्यालाही, तेहतीसच का, तीस किंवा पस्तीस का नव्हे, असे विचारले तर उत्तर सुचत नाही. आणि त्याच गृहस्थाच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबा-पणजोबांचे एखादे मोडी कागदपत्र असेल, तर त्यात गुंठा हा शब्दच नसतो. तेथे बिघे असतात, पांड असतात, रुके असतात, आणि मोठे इनाम असेल तर चावर असतो.

मग साहजिकच प्रश्न येतो : हे बिघे म्हणजे आजचे किती ? या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. बिघा म्हणजे वीस गुंठे, अर्धा एकर. हे उत्तर इतके सोपे आहे, की ते कोठून आले याची चौकशी कोणी करीत नाही. आज आम्हांला ती चौकशी करावयाची आहे. कारण या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून असतात. एक घरची : पूर्वजांना मिळालेली जमीन किती होती, आणि तिच्यातली आज कोठे किती उरली. दुसरी सर्वांची : शिवकालात, पेशवाईत आणि इंग्रजी अमलात शेतकऱ्याच्या डोक्यावर साऱ्याचे ओझे किती होते, हा इतिहासाचा निवाडा. दोन्ही ठिकाणी हिशेब करणारा प्रामाणिक असूनही चुकू शकतो, आणि चूक थोडीथोडकी नसते.

आरंभ आपल्या मावळातूनच करू. मळवलीच्या पुढे वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. तेथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील लेखांत करजिक नावाच्या गावाचे दान नोंदलेले आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ते गाव वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहार्थ दिले, आणि पुढे सातवाहनांचा अंमल आल्यावर मामाल येथील अमात्याला आज्ञा होऊन ते दान नव्याने देण्यात आले. मामाल म्हणजेच आपला मावळ, असे विद्वानांनी मानले आहे. या लेखात भिक्षूंच्या जमिनीला ‘भिक्खुहल’ म्हटले आहे. हल म्हणजे नांगर. पण जमीन किती, याचे माप त्यात नाही. गाव दिले म्हणजे गावाच्या शिवेत जे असेल ते दिले. जेथे ओढा, कडा आणि जंगल यांनीच गावाची शीव ठरते, तेथे दात्याला आणि घेणाऱ्याला मापाची गरज भासली नाही, यात नवल नाही.

गाव सबंध न देता त्यातले शेत तेवढे द्यावयाचे, म्हणजे मात्र मापावाचून भागत नाही. त्याच राजकुळाचे नाशिकच्या लेण्यांतील लेख पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी पश्चिम कखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले, दोनशे निवर्तने शेत तेथील तपस्व्यांना दिले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली : ते गाव ओस पडले आहे, शेत कोणी कसत नाही, सबब त्याच्या बदली नगराच्या शिवेवरील राजकीय शेतापैकी शंभर निवर्तने द्यावीत. जमिनीच्या अदलाबदलीचा असा चोख कागद, तोही दगडावर, आपल्या प्रांतात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे.

आता ही दोनशे निवर्तने म्हणजे किती एकर ? कौटिलीय अर्थशास्त्राप्रमाणे चार हातांचा दंड, दहा दंडांची रज्जू आणि तीन रज्जूंचे निवर्तन. म्हणजे एकशे वीस हात लांब आणि तितकेच रुंद शेत. हात अठरा इंचांचा धरला तर बाजू १८० फूट, क्षेत्र ३२,४०० चौरस फूट, म्हणजे पाऊणएक एकर, पावणेतीस गुंठे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र दहा हातांचा वंश आणि वीस वंश औरसचौरस म्हणजे निवर्तन, असे आहे. ‘लीलावती’ ११५० सालची. त्या हिशेबाने बाजू ३०० फूट आणि क्षेत्र ९०,००० चौरस फूट, म्हणजे दोन एकरांहून थोडे अधिक. पहिल्या हिशेबाने गौतमीपुत्राचे दान सुमारे १४९ एकर होते, दुसऱ्या हिशेबाने सुमारे ४१३ एकर. शब्द एकच, निवर्तन. हातही दोन्हीकडे अठरा इंचांचाच धरलेला. आणि तरी अंतर जवळजवळ तिप्पट. सातवाहनांच्या शेताला बाराव्या शतकाचे कोष्टक लावणे हे पेशव्यांच्या रुपयाला आजच्या रुपयाचा भाव लावण्यासारखे आहे. मापाला नाव असते तसा काळही असतो, हा पहिला धडा.

‘लीलावती’तील निवर्तनाचा सांगाडा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे : वीस दांड्या लांब, वीस दांड्या रुंद. पाचशे वर्षांनंतर शिवकालातही हाच सांगाडा आपल्याला भेटतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे बखर लिहिली. तीत महाराजांनी केलेल्या मुलखाच्या बंदोबस्ताचे वर्णन करताना त्याने जमिनीच्या मापाचे कोष्टक दिले आहे. पाच हात आणि पाच मुठी यांची एक काठी. हात चौदा तसूंचा. हात आणि मुठी मिळून काठी ऐंशी तसूंची. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. मधले भाग असे की, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा बिघा, सहा बिघ्यांचा रुका आणि वीस रुक्यांचा चावर. अण्णाजी दत्तो सुरनीस यांच्या देखरेखीखाली महाराजांच्या मुलखात जमिनीची पाहणी आणि मोजणी झाली, हे प्रसिद्धच आहे.

कोष्टक इतके स्पष्ट आहे, की आता गुणाकार तेवढा उरला, असे वाटते. तो करून पाहू.

पाच हातांचे सत्तर तसू. काठी ऐंशी तसूंची, म्हणजे पाच मुठींचे दहा तसू, एका मुठीचे दोन. येथवर मतभेदाला जागा नाही. पुढे तसू म्हणजे किती इंच, हे हवे. मुंबईच्या कापडबाजारात सत्तावीस इंचांचा गज होता आणि त्याचे चोवीस तसू. म्हणून तसू सव्वा इंचाहून किंचित कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. हा तसू धरला तर काठी नव्वद इंच, म्हणजे साडेसात फूट. बिघ्याची बाजू दीडशे फूट, क्षेत्र २२,५०० चौरस फूट, अर्थात २०.७ गुंठे. ‘बिघा म्हणजे वीस गुंठे’ हा लोकांतला ठोकताळा या आकड्याच्या अगदी जवळ आहे.

पण थांबावे. याच मुंबईच्या गजात हात सोळा तसूंचा, अठरा इंचांचा आहे. सभासदाचा हात चौदा तसूंचा. मुंबईचा तसू सभासदाच्या हाताला लावला तर तो हात पावणेसोळा इंचांचा होतो. आपल्या शास्त्रकारांनी मुठी मिटलेल्या हाताला रत्नि आणि बोटे पसरलेल्या हाताला हस्त अशी निराळी नावे दिली आहेत. पावणेसोळा इंच हे कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतच्या अंतराला शोभते, पसरलेल्या बोटांपर्यंतच्या अंतराला शोभत नाही. म्हणून तसू बाजूला ठेवून हात अठरा इंचांचा धरू, आणि त्याचे चौदा तसू पाडू. आता काठी आठ फूट सात इंचांची होते. बिघ्याची बाजू १७१.४ फूट, क्षेत्र सुमारे २९,४०० चौरस फूट, म्हणजे बरोबर सत्तावीस गुंठे.

तिसरी रीत अगदी घरगुती आहे. कोष्टकातले तसू विसरून जावे आणि माणसाच्या शरीराकडेच पाहावे. हात अठरा इंच, मूठ चार बोटांची, आणि बोट पाऊण इंचाचे. म्हणून मूठ तीन इंच. पाच हात आणि पाच मुठी मिळून १०५ इंच, पावणेनऊ फूट. बिघा अठ्ठावीस गुंठ्यांचा. आपल्यापैकी कोणीही घरी गेल्यावर टेप लावून आपला हात आणि आपली मूठ मोजून पाहावी. सभेतल्या शंभर माणसांच्या शंभर काठ्या होतील, आणि त्यांत फुटाफुटाचा फरक निघेल.

चौथे उत्तर इंग्रजी अमलात छापलेल्या मुंबई इलाख्याच्या कोष्टकांतले. तेथे बिघा ३,९२७ चौरस यार्डांचा दिलेला आहे. त्याची बाजू १८८ फूट, काठी ९.४ फूट, आणि क्षेत्र साडेबत्तीस गुंठे.

आता हे चार आकडे एका ओळीत ठेवा : सुमारे एकवीस, सत्तावीस, अठ्ठावीस आणि साडेबत्तीस गुंठे. चारही वेळा बिघा वीस काठ्यांचा, आणि काठी पाच हात पाच मुठींची. समजा, एखाद्याच्या घरी अर्ध्या चावराची सनद आहे. अर्धा चावर म्हणजे साठ बिघे. पहिल्या हिशेबाने ती जमीन ३१ एकर, दुसऱ्याने साडेचाळीस एकर, तिसऱ्याने ४२ एकर, आणि चौथ्याने ४८ एकरांहून अधिक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतरा एकरांचे अंतर पडले. एवढ्या अंतरात भाऊबंदांची दोन पिढ्यांची भांडणे सहज मावतात.

हे अंतर इतके मोठे का पडते, हेही समजून घेतले पाहिजे. साडेसात फुटांची काठी आणि ९.४ फुटांची काठी यांत लांबीचा फरक शेकडा पंचवीसच आहे. पण शेताला लांबी असते तशी रुंदीही असते. फरक दोन्ही अंगांनी पडतो, आणि क्षेत्रात तो शेकडा सत्तावन्नपर्यंत जातो. लहान फरकाचेही तेच. हाताच्या मापात इंचाची चूक म्हणजे अठराव्या भागाची चूक. बिघ्यात ती तीन गुंठ्यांची होते, आणि चावरात नऊ एकरांची. एका हातामागे एक इंच, आणि चावरामागे नऊ एकर ! यासाठीच काठी कोण धरतो आणि ती काठी कोणाच्या हाताने बेतलेली आहे, हा प्रश्न जुन्या काळी रयतेच्या जिव्हाळ्याचा होता. हात चौदा तसूंचा ‘असावा’ असा नियम करण्यात जो शहाणपणा आहे तो येथे दिसतो. देशमुखाचा हात, पाटलाचा हात आणि सरकारी कारकुनाचा हात हे तिन्ही बाजूला सारून एक ठराविक हात मध्ये आणणे, हेच त्या सुधारणेचे मर्म होय.

इतिहासाच्या निवाड्यावर याचा परिणाम कसा होतो, तेही पाहू. उदाहरणासाठी एक साधा दर घेऊ. एखाद्या गावी पेशवाईत बिघ्याला एक रुपया सारा होता, आणि इंग्रजी बंदोबस्तात एकराला दीड रुपया झाला. ओझे वाढले की कमी झाले ? बिघा २०.७ गुंठ्यांचा असेल तर जुना दर एकरी एक रुपया पंधरा आणे पडतो. म्हणजे इंग्रजांनी सारा हलका केला. बिघा साडेबत्तीस गुंठ्यांचा असेल तर जुना दर एकरी एक रुपया पावणेचार आणे. म्हणजे इंग्रजांनी तो वाढविला. कागद तेच, रुपये तेच, आणि निवाडा उलटा. जुने दर आणि नवे दर शेजारी शेजारी मांडून मोठमोठी विधाने केलेली आपण वाचतो. त्या पुस्तकात बिघ्याचे माप काय धरले आहे ते आधी शोधावे, आणि ते सांगितलेलेच नसेल तर ते विधान जपून वाचावे.

मापाची ही ओढाताण आपल्याच प्रांतात होती असे मात्र नाही. उत्तरेत अकबराच्या राज्यात जमीन तागाच्या दोरीने मोजीत. दोरी कोरडी असता लांबे आणि दवाने भिजली की आखडे. तेव्हा दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंचे माप सुरू केले, असे ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे. भिजलेली दोरी आखडली म्हणजे तेच शेत मापाने मोठे भरते आणि सारा वाढतो. मावळच्या पावसात दोरीने मोजणी झाली असती तर आषाढातला बिघा आणि वैशाखातला बिघा निराळे ठरले असते ! तेथला बिघा साठ इलाही गज औरसचौरस होता, आणि इलाही गज पुढे इंग्रजांनी तेहतीस इंचांचा ठरविला. त्याप्रमाणे बाजू १६५ फूट आणि क्षेत्र नेमके पंचवीस गुंठे येते. म्हणजे बिघा या एकाच नावाचे हे आणखी एक, पाचवे माप झाले.

मावळात तर मापाच्या जोडीला जमिनीचा उतारही होता. इंदापूर-बारामतीच्या सपाट रानात काठी टाकीत जाणे सोपे. आपल्याकडे खाली भाताची खाचरे, त्यांच्यावर वरकस माळ, आणि त्याच्याही वर नाचणी-वरईचे डोंगरउतार. खाचराचे माप चोख निघते, कारण पाणी साठण्यासाठी खाचर सपाट केलेलेच असते. पण तीस अंशांच्या उतारावर जमिनीला टेकवीत वीस काठ्या टाकल्या, तर सपाटीच्या हिशेबाने ते अंतर सतराच काठ्यांचे असते. वीस काठ्यांचा बिघा लिहिला गेला आणि प्रत्यक्षात तो सपाटीचा सतरा-वीस काठ्यांचा निघाला, तर त्यात कोणी लबाडी केली असेच नाही. काठी सपाट धरली की उतारावर टेकविली, एवढाच तो फरक आहे.

शिवाय पुष्कळ ठिकाणी काठी लागतच नसे. इतक्या पायलीच्या पेराची जमीन, अशी बियाण्यावरून ओळख असे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक जमिनीच्या मापासही उपयोगी पडे. हे माप अडाणीपणाचे होते, असे आम्हांला वाटत नाही. पायलीभर बी कोठे किती जागा व्यापते, हे जमिनीच्या कसावर आणि पेरणीच्या रीतीवर ठरते, आणि कसणाऱ्याला जे जाणून घ्यावयाचे असते ते यात येते. मात्र या मापाचे गुंठे करू पाहणे व्यर्थ आहे, कारण ते लांबी-रुंदीचे माप नव्हेच.

१८१८ साली पेशवाई गेली. नव्या सरकारला सारा ठरवावयाचा होता, आणि गावोगावचे बिघे एकमेकांशी जुळत नव्हते. पुणे भागात प्रिंगल साहेबांनी १८२८ च्या सुमारास पाहणी आरंभिली. ती फसली, मोजणी सदोष निघाली, आकारणी रयतेला झेपली नाही, आणि अखेर ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा काम सुरू केले. त्यांनी आणि डेव्हिडसन यांनी मिळून १८४७ साली जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यावर मुंबई इलाख्याची जमीनमोजणी पुढे कित्येक वर्षे चालली. पुणे जिल्ह्याचे इतर तालुके, त्यांत आपला मावळही, याच रीतीखाली आले, आणि शेतांना सर्व्हे नंबर पडले.

या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती. मोजणी खात्यातील माणसे तिला शंकू साखळी म्हणत, आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. आता तेहतीसचे कोडे उलगडते. इंग्लंडात एडमंड गंटर नावाच्या गणित्याने १६२० च्या सुमारास सहासष्ट फुटांची साखळी प्रचारात आणली. अशा ऐंशी साखळ्यांचा मैल होतो, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडची साखळी तिच्या बरोबर निम्मी. निम्म्या साखळीचा चौरस पूर्ण साखळीच्या चौरसाचा चौथा हिस्सा. म्हणून एकरात दहा चोक चाळीस गुंठे आले. साखळीचे सोळा आणे तसे गुंठ्याचेही सोळा आणे, आणि रुपयाचेही सोळाच. आणे-पैचा हिशेब ज्याला येतो त्याला शेताचा हिशेब यावा, अशी ती सोय होती. म्हणजे लोणावळ्याच्या बाजारात आज ज्याचा भाव सांगतात तो गुंठा दिसावयास अस्सल देशी, परंतु त्याची लांबी इंग्लंडातल्या साखळीची आहे.

साखळीने मोठे काम केले यात शंका नाही. ती भिजून आखडत नाही, आणि ती कोणाच्या हाताएवढी नसते. उतारावर ती पायऱ्यापायऱ्यांनी सपाट धरून मोजता येते. पण तिलाही जपावे लागे. कड्या झिजून साखळी अर्धा फूट लांबली, तर प्रत्यक्ष ४१ एकरांहून अधिक असलेली जमीन कागदावर चाळीसच एकर भरते. मोजणीपूर्वी साखळी ताडून पाहण्याचा जो शिरस्ता असतो, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माप बिनचूक झाले म्हणजे न्याय झालाच, असे नव्हे. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, आणि १८६३ साली घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. पुढे विजेसाठी वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथे तलाव झाले. प्रत्येक वेळी जमीन लागली, आणि ती एकर-गुंठ्यांत मोजली गेली. १९२१ साली शेजारच्या मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या पुढारीपणाने धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तेथल्या मावळ्यांची तक्रार साखळी आखूड होती अशी नव्हती. आपली जमीन आपल्या संमतीवाचून जाते, ही होती. साखळी जमीन किती हे सांगते. ती कोणाची आणि तिचे काय व्हावे, हे साखळीला विचारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक पद्धत आली, आणि सातबाराच्या उताऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. सुदैवाने गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आणि आर १०० चौरस मीटरांचा. दोन्ही जवळजवळ सारखेच. त्यामुळे हा बदल लोकांना फारसा जड गेला नाही. पण या सारखेपणातच दोन खड्डे आहेत. जुन्या उताऱ्यावर १-२० असे लिहिलेले असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे साठ गुंठे. नव्या उताऱ्यावर १-२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळजवळ त्याच्या दुप्पट. आणि कोणी त्या जुन्या १-२० ला दशांश समजून एक पूर्णांक दोन दशांश एकर धरले, तर साठाचे अठ्ठेचाळीस गुंठे होऊन बारा गुंठे आपोआप नाहीसे होतात. आजच्या भावाने बारा गुंठे म्हणजे काय, हे लोणावळेकरांना आम्ही सांगावयास नको.

मग जुन्या कागदातील बिघ्यांचे गुंठे करावयाचे तरी कसे ? आमच्या मते गुणाकारापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कागद कोणत्या सालचा आणि कोणत्या अमलातला ? काठी कोणत्या हाताची : तसूंनी बांधलेल्या, इंचांनी ठरविलेल्या, की माणसाच्या ? जमीन खरोखर मोजलेली होती की नजरपाहणीने लिहिलेली ? आणि जमीन खाचराची सपाट होती की उताराची ? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकच आकडा लिहू नये. ‘इतक्या एकरांपासून इतक्या एकरांपर्यंत’ अशी दोन टोके लिहावीत. दोन टोके लिहिणे हा कमीपणा नव्हे. तो हिशेबाचा खरेपणा आहे.

आणि एक उलटी रीतही आहे. ती आम्हांला सर्वांत भरवशाची वाटते. ज्या शेताच्या हद्दी बदललेल्या नाहीत असे शेत शोधावे. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला गावरस्ता, तिसऱ्या बाजूला देवळाची भिंत, असे एखादे देवस्थानचे शेत पुष्कळ गावी सापडते. समजा, जुन्या कागदात ते पाच बिघे आहे आणि सर्व्हेच्या पत्रकात तीन एकर पंधरा गुंठे. तीन एकर पंधरा गुंठे म्हणजे १३५ गुंठे. पाचांनी भागले की बिघा सत्तावीस गुंठ्यांचा. त्याचे चौरस फूट करून वर्गमूळ काढले की बाजू साधारण १७१ फूट. तिला विसांनी भागले की काठी आठ फूट सात इंच. आणि त्या काठीच्या ऐंशी तसूंतले चौदा घेतले की हात अठरा इंचांचा! ज्या माणसाने काठी बेतली तो जाऊन तीनशे वर्षे झाली असतील. पण त्याच्या हाताची लांबी शेताने जपून ठेवलेली असते. एका शेतावर मात्र विसंबू नये. त्याच गावची चार-पाच शेते अशी ताडून पाहावीत. सर्वांतून तोच हात निघाला, तर त्या गावचा बिघा सापडला असे समजावे.

हे काम विद्यापीठातल्या पंडितांनीच करावे असे नाही. त्याला लागते ते एवढेच : घरातले मोडी कागद वाचून देणारा एक जाणता माणूस, गावचा जुना नकाशा, एक टेप, आणि बांधाबांधाने हिंडण्याची तयारी. मावळातल्या गावांत हे सर्व अजून मिळू शकते. पण जमिनीचे तुकडे पडत आहेत, बांध मोडत आहेत, ओढे बुजत आहेत, आणि ओढा बुजला की त्या शेताची साक्ष संपली. म्हणून ज्यांच्या पेटीत असा कागद असेल त्यांनी या सुटीत तो बाहेर काढावा, पाऊस लागण्यापूर्वी तो घेऊन शेतावर जावे, आणि बिघा म्हणजे वीस गुंठे असे म्हणण्याआधी आपल्या गावचा बिघा केवढा होता हे एकदा मोजून पाहावे.